संकष्टीच्या सकाळची खाडी

शाळेची खाडीसहल बहुतेक वेळा चुकीच्या दिवशी निघते. दिवस ठरवताना मुख्याध्यापक बस कधी मिळते ते पाहतात, बाई चाचणीचं वेळापत्रक पाहतात, पालक ऊन-पाऊस पाहतात. समुद्राला कोणी विचारत नाही. मग पौर्णिमेला सकाळी अकरा वाजता चौथीचा वर्ग धक्क्यावर उभा असतो आणि समोर काठोकाठ पाणी. चिखल नाही, खेकडा नाही, निवटी नाही. बाई तिवराच्या शेंड्यांकडे बोट दाखवून ‘हे कांदळवन, हे आपण वाचवलं पाहिजे’ असं सांगतात, मुलं माना डोलावतात आणि डबे उघडतात. घोषणा पाठ होते, खाडी राहून जाते.

आठ ते दहा वर्षांच्या मुलांना खाडी कशी दाखवावी, एवढाच या प्रकरणाचा विषय आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. खाडी म्हणजे प्राण्यांच्या नावांची यादी, असं समजून शिकवलं की ती हातातून निसटते. नदी, डोंगर, किल्ला आज पाहिले काय आणि पुढच्या महिन्यात पाहिले काय, मुलाच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. खाडी दुपारी वेगळी असते, संध्याकाळी वेगळी, श्रावणात वेगळी आणि वैशाखात तर ओळखू येणार नाही इतकी वेगळी. तेव्हा एकच जागा धरायची, तिथे पुन्हा पुन्हा जायचं आणि काहीतरी मोजायचं. उदाहरणासाठी मी वाशिष्ठीची खाडी घेतो. सह्याद्रीतून उतरलेली ही नदी चिपळूणहून गोवळकोटपाशी खाडी होते आणि दाभोळ-अंजनवेलच्या मधून समुद्राला मिळते. इथे सांगितलेलं बरंचसं कोकणातल्या कोणत्याही खाडीला लागू पडेल. एक गोष्ट मात्र खास वाशिष्ठीची आहे, ती पुढे येईल.

आधी वेळ. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, म्हणून आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. हे वाक्य फळ्यावर लिहून उपयोग नाही. मुलांना गणित घालावं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चाराचे पाऊण म्हणजे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. हिशेब अदमासाचा आहे, तासाभराचा फरक पडतो, आणि खाडीच्या मुखाशी आलेली भरती आतल्या गावात आणखी उशिरा पोचते. तो फरक आपल्या गावात किती, हे वर्गानेच शोधून काढावं. पाऊणकीचा पाढा कशाला लागतो, असं विचारणाऱ्या मुलाला इतकं चांगलं उत्तर दुसरं नाही.

आता सहलीचा दिवस काढू. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, पाणी सर्वात वर चढतं आणि सर्वात खाली उतरतं. पण तेव्हा ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, शाळेच्या वेळात भरती असते. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण तो भांग. पाणी फार मागे सरतच नाही. मधली वाट चतुर्थी ते षष्ठीची. पाणी अजून बऱ्यापैकी उतरतं आणि पूर्ण ओहोटी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान सापडते. म्हणजे प्रत्येक दिनदर्शिकेवर ठळक छापलेली संकष्टी हा खाडीवर जाण्याचा उत्तम दिवस. उपास असलेल्या बाईंची थोडी पंचाईत होईल, पण त्याला इलाज नाही.

भरती येते कशाने, हा प्रश्न मुलं विचारणारच. चंद्र पाणी ओढतो, इतकं सांगून थांबावं. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूलाही भरती का येते, हे चौथीत समजावण्याच्या भरात भल्याभल्या शिक्षकांची तारांबळ उडते. ते आठवीला ठेवा. चौथीला काठीपुरतं काम द्या. ओहोटीच्या वेळी चिखलात बांबू रोवायचा, त्याच्यावर दर पाच सेंटीमीटरला रंगाची रेघ मारायची आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी कुठल्या रेघेवर आहे ते लिहायचं. पाणी सारख्या वेगाने चढेल, अशी मुलांची खात्री असते. पण ते आधी हळू, मध्ये झपाट्याने आणि शेवटी पुन्हा हळू चढतं. ढोबळ हिशेब असा की सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याइतकं, दुसऱ्या तासाला दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन, मग एक. आत नदीचं पाणी मिसळलं की हा हिशेब वाकडातिकडा होतो, पण मधल्या दोन तासांत पाणी झपाट्याने अंगावर येतं ही गोष्ट पक्की. मुलं चिखलात असतील तर ती आधी लक्षात हवी: ओहोटी संपण्याआधी तासभर उतरायचं आणि पाणी फिरलं की काठावर यायचं.

दुसरी मोजायची गोष्ट मीठ. उघड्या समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाव लिटर समुद्राचं पाणी स्टीलच्या ताटात घालून एप्रिलच्या उन्हात ठेवलं की काही दिवसांत ताटात पांढरा थर उरतो आणि तो जवळजवळ नऊ ग्रॅम भरतो. शिरोड्याच्या १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाचा उल्लेख इतिहासात येतो, तेव्हा हे ताट वर्गात ठेवावं. खाडीचं पाणी मात्र रोज ताटात वाळवत बसता येत नाही. त्यासाठी एक साधं यंत्र वर्गात बनतं.

अनेक पुस्तकांत ते असं सांगितलेलं असतं: स्ट्रॉच्या टोकाला मातीचा गोळा लावा, पाण्यात उभी तरंगू द्या, खाऱ्या पाण्यात ती जास्त वर येईल. तत्त्व बरोबर आहे, पण यंत्र निकामी. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा फक्त अडीच टक्क्यांनी जड असतं. पंधरा सेंटीमीटर बुडालेली स्ट्रॉ त्यामुळे चारेक मिलिमीटरच वर येते, आणि हलत्या पाण्यात तेवढं कोणाला दिसणार? त्याऐवजी औषधाची ५० मिलिलिटरची रिकामी प्लॅस्टिकची बाटली घ्या. तळाशी वाळू भरा, झाकणाला भोक पाडून पाच मिलिमीटर जाडीची, वरून बंद केलेली स्ट्रॉ बसवा, सांधा एम-सीलने बुजवा. वाळू कमी-जास्त करून अशी जुळवा की गोड्या पाण्यात बाटली पूर्ण बुडेल आणि स्ट्रॉचं फक्त टोक वर राहील. आता हीच बाटली समुद्राच्या पाण्यात पाच-सहा सेंटीमीटर वर उसळते. कारण मुलांनाही पटतं: जाड बाटलीने बाजूला सारलेल्या पाण्यातला फरक बारीक स्ट्रॉला भरून काढावा लागतो, म्हणून ती लांबवर सरकते. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून एक खूण, साडेसतरा ग्रॅमची दुसरी, गोड्या पाण्याची तिसरी. झालं यंत्र. पिण्याच्या पाण्यासाठी मिळणारा खिशातला टीडीएस मीटर शाळेत असेल तर तो थेट खाडीत बुडवू नका, समुद्राच्या पाण्याचा आकडा त्याच्या आवाक्याबाहेर असतो. एक भाग खाडीचं पाणी, नऊ भाग बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी, आणि आलेल्या आकड्याला दहाने गुणा.

पाणी घेताना दोन ठिकाणचं घ्या, एक वरचं आणि एक तळाजवळचं. हलकं गोडं पाणी दुधावरच्या सायीसारखं वर राहतं आणि खारं पाणी खालून आत सरकतं. दगड बांधलेली बाटली बुचासकट खाली सोडायची आणि तळाशी गेल्यावर बुचाची दोरी ओढायची. वर जवळजवळ गोडं आणि खाली खारट, हा निकाल वर्गात खळबळ माजवतो. एकाच जागी एकाच वेळी दोन उत्तरं बरोबर असू शकतात, ही गोष्ट गणिताच्या वहीत कधी आलेली नसते.

आता वाशिष्ठीचं वेगळेपण. कोकणातल्या बहुतेक खाड्यांत उन्हाळ्यात नदी आटते आणि खारं पाणी आत चढत जातं. वैशाखात विहिरी मचूळ होतात ते त्यामुळेच. वाशिष्ठीत तसं होत नाही, याचं कारण सह्याद्रीच्या पलीकडे आहे. कोयना नदी खरं म्हणजे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाणारी. १९६० च्या दशकापासून तिचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला पोफळीच्या वीजघरात पाडलं जातं आणि वीज तयार झाल्यावर ते वाशिष्ठीत सोडलं जातं. यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलेलं आहे, म्हणजे सुमारे १९० कोटी घनमीटर. म्हणून गोवळकोटच्या धक्क्यावर एप्रिलमध्येही मुलांच्या बाटलीला गोडं पाणी लागतं. विजेची मागणी वाढली-घटली की नदीची पातळीही बदलते. साताऱ्याच्या बाजूला पडलेला पाऊस, पुण्या-मुंबईतला पंखा आणि चिपळूणच्या खाडीतला मासा यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे परिसर अभ्यासाचं पुस्तक चार पानांत सांगेल. बाटलीतली स्ट्रॉ ते एका नजरेत दाखवते. दाभोळच्या शाळेने त्याच दिवशी मुखाजवळचा आकडा फोनवर कळवला तर नकाशावर उतार काढता येतो.

गढूळपणाचा प्रयोग सगळ्यात स्वस्त आहे आणि माझा सगळ्यात आवडता. नदीची बारीक माती दोन बाटल्यांत सारखी घुसळा, एकीत दोन चमचे मीठ टाका आणि मधली सुट्टी होऊ द्या. मिठाची बाटली आधी निवळते. चिकणमातीचे कण गोड्या पाण्यात एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. क्षार मिळाले की ते एकमेकांना चिकटतात, गुठळ्या जड होतात आणि खाली बसतात. सह्याद्रीवरून वाहून आलेली माती समुद्रात लांब न जाता खाडीतच का साचते आणि हा एवढा चिखल आला कुठून, याच्या उत्तराचा मोठा भाग या दोन बाटल्यांत आहे. पाणी किती गढूळ हे मोजायला इटालियन धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ साली पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाहिली होती. आपल्याला डब्याचं झाकण पुरतं: काळे-पांढरे चार भाग रंगवायचे, मधून दोरी, खाली वजन. दिसेनासं झालं की दोरी मोजायची. पावसाळ्यात झाकण वीतभर खाली जायच्या आत गडप होतं.

आणि मग चिखल. चिखलात उतरल्यावर पहिली गोष्ट समोर येते ती वास. वरचा तपकिरी पापुद्रा काडीने खरवडला की खाली काळा चिखल लागतो आणि सडक्या अंड्याचा भपका येतो. मुलं नाकं धरतात आणि ‘घाण’ म्हणतात. इथे थांबून सांगावं की ही घाण नव्हे. काळ्या थरात प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि त्यातून हा वायू सुटतो. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी एकोणिसाव्या शतकात असाच चिखल काचेच्या नळीत भरून उजेडात ठेवला. शाळेला पाण्याची पारदर्शक बाटली चालते. चिखलात वर्तमानपत्राचे तुकडे आणि थोडा अंड्याचा बलक मिसळायचा, वर खाडीचं पाणी घालायचं, बाटली खिडकीत ठेवायची. दीड-दोन महिन्यांत तिच्यात हिरवे, तांबूस, काळे पट्टे उमटतात. झाकण घट्ट लावू नका, वायू साचतो.

प्राणवायू नसलेल्या या चिखलात झाड जगतं कसं, हा प्रश्न आता मुलंच विचारतात. तिवराभोवती जमिनीतून पेन्सिलींसारखी उभी राहिलेली मुळं हवेतून श्वास घेतात. कांदळाची मुळं खोडातूनच कमान टाकून खाली उतरतात. तिवराच्या पानाच्या मागे भिंगातून मिठाचे कण दिसतात, जास्तीचं मीठ झाड तिथून बाहेर टाकतं. (पान चाटायला लावू नये. खाडीच्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं, हे आपण जाणतो.) कांदळाचं बी झाडावरच रुजतं आणि हिरव्या लांबट शेंगेसारखं लोंबतं. चिखलात पडलं तर तिथेच उभं राहतं, पाण्यात पडलं तर वाहत जाऊन दुसरीकडे पाय रोवतं. महाराष्ट्राने २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्ष ठरवलं. ती वर्गाला ओळखता येते का, पाहावं. कांदळवनाच्या रोपलावणीचे कार्यक्रम हल्ली बरेच होतात. मुलांना त्यात नेण्याआधी उभ्या असलेल्या झाडाची निदान दोन वर्षांची हकीकत माहीत असावी, असं मला वाटतं. भरतीची रेघ न पाहता लावलेली रोपं पुष्कळदा मरतात, आणि मुलांच्या वाट्याला फोटो उरतो.

प्राण्यांपैकी सुरुवात निवटीपासून करावी. ‘मासा पाण्याबाहेर मरतो’ हे तिसरीतलं वाक्य ती डोळ्यांदेखत खोडून काढते. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून ती हवेतला प्राणवायू घेते, कल्ल्यांत पाणी साठवते, परांवर सरपटते, मुळांवर चढते. मात्र कातडी ओली ठेवावीच लागते, म्हणून मधूनच चिखलात लोळते. ती पकडायच्या मागे लागू नये. पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसायचं, एवढाच नियम. चौथीच्या वर्गाला तो जड जातो, पण निवटी बिळातून बाहेर आली की आपोआप पाळला जातो.

शेजारी एक नांगी अवाढव्य असलेले छोटे खेकडे दिसतात, ते नर. मोठी नांगी हलवून ते मादीला बोलावतात आणि दुसऱ्या नराला धमकावतात. खायला ती उपयोगी पडत नाही, चिखल तोंडात घालायला लहान नांगीच लागते. मोठी नांगी उजवी की डावी, हे मोजायला लावा. बहुतेक जातींत निम्मे-निम्मे निघतात, काही जातींत मात्र जवळजवळ सगळे उजवे. सुतळीचा अर्धा मीटर बाजूचा चौकोन टाकून त्यातली बिळं मोजली की पाण्याजवळ किती आणि झाडांजवळ किती, हे तक्त्यात मांडता येतं.

मासळीच्या बाबतीत शिक्षकाने जरा बाजूला व्हावं. खाडीकाठच्या वर्गात भोई, खारवी किंवा दालदी कुटुंबातली मुलं असतात आणि पाग कधी टाकायचा, बोय कुठे चरते, कुर्ली कधी भरलेली असते हे त्यांना बाईंपेक्षा जास्त ठाऊक असतं. एरवी मागच्या बाकावर बसणारा मुलगा इथे अर्धा तास बोलतो. त्याचं ऐकून घ्यावं आणि त्याला ठाऊक नसेल अशी एखादी भर घालावी. शेंगटीचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो आणि त्या काळात उपाशी राहतो. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. बाजारातला थोरला जिताडा बहुधा मादीच. कोळंबीच्या बऱ्याच जाती समुद्रात अंडी घालतात, पिल्लं भरतीबरोबर खाडीत शिरतात, कांदळाच्या मुळांत वाढतात आणि पुन्हा समुद्रात जातात. घरातल्या आमटीचा खाडीशी संबंध असा जुळतो.

एक प्राणी मात्र लांबूनच. चिपळूण-गोवळकोट-मालदोलीच्या पट्ट्यात मगरी आहेत. त्यामुळे तिथे काठावर बसून बाटल्या भरायच्या नाहीत, धक्क्यावरून दोरीच्या बादलीने पाणी काढायचं, आणि कुठे उतरायचं हे होडीवाल्याला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. कालवांच्या धारेने तळपाय कापतात, म्हणून पायात बूट हवेतच.

मोजलेलं सगळं एका वहीत जातं: तारीख, तिथी, वेळ, स्ट्रॉची खूण, झाकण किती खोल दिसलं, पाण्याचं तापमान, बिळं किती. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाने १९७२ ते २००२ अशी तीस वर्षं सरकारी शाळांत हेच धरून ठेवलं होतं: उत्तर पुस्तकात न पाहता करून पाहून काढायचं. उत्तर चुकलं तर पुन्हा मोजायचं. तापमानाच्या रकान्याचाही उपयोग आहे. ३० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो, खाऱ्यात त्याहून कमी. उन्हाळ्यात त्यात सांडपाणी मिसळलं की मासे आधी का गुदमरतात, हे त्यावरून कळतं. वाशिष्ठी-दाभोळच्या खाडीत रासायनिक सांडपाण्यावरून मच्छीमारांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत, आणि हा विषय मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही. पण दोषी कोण, हे बाईंनी सांगू नये. मेलेल्या माशांची तारीख वहीत लिहावी आणि त्या दिवशीचे बाकीचे आकडेही लिहावेत.

पुराचंही तसंच. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. डोंगरातून अफाट पाणी येत होतं आणि खाली उधाणाच्या भरतीमुळे त्याला बाहेर पडायला वाव मिळत नव्हता. पाऊणकीचा हिशेब येणाऱ्या मुलाला हे वाक्य समजतं.

वही वर्षाअखेरीस रद्दीत जाऊ देऊ नका, पुढच्या चौथीच्या हाती द्या. एका वर्षाच्या आकड्यांवरून ऋतू दिसतात. खाडी बिघडते आहे की सुधारते आहे, हे कळायला अनेक चौथ्या लागतात. आणि सुरुवात जूनवर ढकलू नका. शाळा उघडेपर्यंत पहिला पाऊस पडून गेलेला असतो आणि त्याआधी पाणी किती खारं होतं ते कायमचं हुकतं. मे महिन्यातल्या संकष्टीला खाडीकाठच्या एखाद्या पालकाकडे बाटली देऊन ठेवा आणि पहिली ओळ त्यांच्याकडून लिहून घ्या.